पेटीतला वसंत

(वसंत ऋतूत निसर्ग बदलतो. त्याबरोबर आपले कपडे, आपले खाणे आणि आपले फिरणेही बदलते. घरातील जुने कपडे, गावाजवळची ठिकाणे आणि त्या त्या दिवसांत मिळणारे पदार्थ यांतून केवढा आनंद आणि केवढी माहिती मिळू शकते, हे लेखकाने या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, 'वाशी' म्हटले, की पुष्कळ लोकांना नवी मुंबईतील वाशी आठवते. उंच इमारती, रेल्वे स्थानक आणि भाजीपाल्याचा मोठा बाजार त्यांच्या डोळ्यांसमोर येतो. पण आणखी एक वाशी आहे. ती मराठवाड्यात, धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटच्या पठारावर आहे. हा जिल्हा पूर्वी उस्मानाबाद म्हणून ओळखला जाई. २०२३ मध्ये त्याचे नाव धाराशिव झाले. येथे पाऊस कमी पडतो. जमीन कुठे काळी, तर कुठे मुरमाड आहे. अशा भागात वसंत ऋतू कसा येतो, ते तुम्ही कधी नीट पाहिले आहे का?

फाल्गुन महिना आला, की शेतातील ज्वारी काढून होते. कडब्याच्या गंजी रचल्या जातात. शिवार मोकळे दिसू लागते. ओढे आटलेले असतात. सगळीकडे पिवळे, वाळलेले गवत असते. परंतु याच दिवसांत माळावरचा पळस लाल-केशरी फुलांनी पेटल्यासारखा दिसतो. त्याच्या फांद्यांवर पाने जवळजवळ नसतात, फुले मात्र भरपूर असतात. कडुलिंबाला कोवळी, तांबूस पालवी फुटते. आंब्याला कैऱ्या लागतात. तुम्ही उर्दूत ज्याला 'बहार' म्हणता, ती हीच. 'बहार' हा शब्द मराठीतही आहे. झाडाला बहर आला, असे आपण म्हणतोच ना?

वसंत जसा झाडावर येतो, तसा तो घरातही येतो. कसा, ते सांगतो. थंडी संपली, की शाली, स्वेटर आणि घोंगड्या आत ठेवायच्या असतात. उन्हाळ्याचे पातळ सुती कपडे बाहेर काढायचे असतात. त्यासाठी घरातील मोठी लोखंडी पेटी उघडावी लागते. वर्षभर पलंगाखाली बंद असलेली ही पेटी उघडली, की डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या कापडाचा वास घरभर पसरतो. दादी किंवा नानी पेटीजवळ बसते आणि एकेक कपडा बाहेर काढते. तुम्ही त्या वेळी खेळायला पळून जाऊ नका. तेथेच बसा. कारण त्या पेटीत तुमच्या घराचा इतिहास घडी करून ठेवलेला असतो.

आपल्या भागातील जुन्या पेट्यांत काय काय सापडते? कोणाच्या घरी आजीची इरकल साडी निघते, कोणाच्या घरी खणाची चोळी. कोणाच्या पेटीत लग्नातला जरीचा दुपट्टा असतो, कोणाच्या पेटीत मलमलचा पांढरा सदरा. मेंढीच्या लोकरीची काळी घोंगडी तर खेड्यातील पुष्कळ घरांत असते. पावसात, थंडीत आणि शेतातील राखणीला तिचा उपयोग होतो. आणि एखाद्या घरी हिमरूची शेरवानी किंवा मशरूचा तुकडाही सापडतो.

हिमरू आणि मशरू ही दोन नावे तुम्ही ऐकली आहेत का? हिमरू हे सुती धाग्यांत रेशमी धाग्यांची नक्षी विणलेले कापड आहे. पूर्वीचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हिमरूसाठी प्रसिद्ध आहे. आपला जिल्हा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. त्या काळी प्रतिष्ठित लोक समारंभाला हिमरूची शेरवानी घालत. मशरूची गंमत आणखी वेगळी आहे. या कापडात उभे धागे रेशमाचे आणि आडवे धागे सुताचे असतात. ते अशा रीतीने विणतात, की बाहेरच्या बाजूला रेशीम चमकते आणि अंगाला मात्र सूत लागते. पुरुषांनी अंगावर शुद्ध रेशीम घालू नये, असा धार्मिक नियम होता. विणकरांनी नियमही पाळला आणि कापडाचे सौंदर्यही राखले. म्हणूनच या कापडाला 'मशरू' म्हणजे 'परवानगी असलेले' असे नाव पडले. विणकराची ही हुशारी पाहून तुम्हांला नवल वाटत नाही का?

कपड्यांची नावेही आपल्याला पुष्कळ काही शिकवतात. 'रुमाल' हा शब्द घ्या. फारसीत 'रू' म्हणजे चेहरा आणि 'माल' म्हणजे पुसणारा. 'पायजमा' या शब्दात 'पा' म्हणजे पाय आणि 'जामा' म्हणजे वस्त्र. 'जर' म्हणजे सोने. त्यावरून 'जरी' आणि 'जरतारी' हे शब्द झाले. पोशाख, अस्तर, चादर, शाल हे शब्द तुमच्या घरात जसे बोलले जातात, तसेच शेजारच्या मराठी घरातही बोलले जातात. मराठी शिकताना तुम्हांला ती कधी कधी अवघड वाटत असेल. अशा वेळी पेटी उघडा. तिच्यातील निम्मे शब्द तुम्हांला आधीच येत असतात!

आता मी माझी एक चूक तुम्हांला सांगतो. मी तुमच्याएवढा होतो. वसंताचेच दिवस होते. दादीने पेटी उघडून कपडे खाटेवर पसरले होते. इतक्यात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारात आली. अम्मीला दुधासाठी मोठे पातेले हवे होते. चार-पाच जुने कपडे दिले, तरी बोहारीण पातेले देईना. तेव्हा मी खाटेवरची दादाजींची शेरवानी उचलली. ती हिमरूची होती, पण कोपरावर विरली होती. तिचा रंग उडाला होता. मी म्हणालो, "ही देऊन टाका. आता कोण घालणार आहे?" दादाजी जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. अम्मीने दादीकडे पाहिले. दादी काहीच बोलली नाही. बोहारणीने शेरवानी उलटसुलट करून पाहिली, गाठोड्यात टाकली आणि पातेले पुढे सरकवले.

संध्याकाळी दादीने मला जवळ बोलावले आणि हळूच विचारले, "बेटा, बटणे काढून घेतली होतीस का?"

मी बटणे काढली नव्हती. ती बटणे चांदीची नव्हती, साधीच होती. पण ती दादीने आपल्या हातांनी लावली होती. मी धावत बाजारापर्यंत गेलो. बोहारीण केव्हाच पुढच्या गावाला निघून गेली होती.

पुढे अनेक वर्षांनी मी एका वस्तुसंग्रहालयात गेलो. तेथे काचेच्या कपाटात हिमरूचे एक वस्त्र ठेवले होते. लोक ते वाकून वाकून पाहत होते. मी मात्र त्याची बटणे पाहत उभा राहिलो. ते पातेले अजून आमच्या घरी आहे. ते उत्तम आहे, त्यात दूध कधी लागत नाही. तरीही त्यात दूध तापवताना मला दादीचा तो प्रश्न आठवतो.

मुलांनो, प्रत्येक जुना कपडा जपून ठेवलाच पाहिजे, असे मी म्हणत नाही. फाटलेल्या साड्यांची आणि चादरींची गोधडी शिवणे ही आपल्याकडील जुनी रीत आहे. तीत कापड वाया जात नाही आणि घरातल्या माणसांच्या आठवणीही एकत्र टाचल्या जातात. गरजू माणसाला धडका कपडा देणे हेही चांगलेच काम आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की कपडा देण्यापूर्वी तो कोणाचा आहे, हे विचारा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय त्याची किंमत ठरवू नका.

जे कपडे ठेवायचे, ते नीट ठेवायला शिका. सुती कपडे रिठ्याच्या पाण्यात धुतले, तर त्यांचा रंग आणि पोत टिकतो. रेशमी व जरीचे कपडे कडक उन्हात घालू नका, सावलीत वारा द्या. उन्हाने रंग उडतो आणि धागा कमकुवत होतो. जरीचा कपडा जुन्या, स्वच्छ, पांढऱ्या सुती फडक्यात गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. दरवर्षी कपड्याची घडी बदला. एकाच जागी वर्षानुवर्षे घडी राहिली, की कापड तेथेच चिरते. कडुलिंबाची पाने सावलीत पूर्ण वाळवून पातळ पुरचुंडीत बांधा आणि पेटीत ठेवा. वसंतात ही पाने सहज मिळतात.

आणि काही जुने कपडे पेटीत ठेवूच नका. ते अंगावर घाला! आजोबांचा मलमलचा सदरा थोडा सैल असेल, तर बाह्या दुमडा. उन्हाळ्यात त्याच्यासारखे सुख नाही. सुती कापड घाम शोषून घेते. वारा लागून तो घाम वाळतो आणि अंगाला गारवा मिळतो. शिवाय वारंवार धुतल्यामुळे जुने सूत अगदी मऊ झालेले असते. नवा कपडा दुकानात मिळतो, पण हा मऊपणा दुकानात मिळत नाही.

असा सदरा घालून आणि डोक्याला रुमाल बांधून चला, आता बाहेर पडू. सकाळीच निघू, म्हणजे ऊन लागणार नाही. प्रथम आपल्याच शिवारात फिरू. चिंचेच्या झाडाखाली पहा. वाळलेल्या चिंचा काठीने झोडपून पाडल्या जात आहेत. बायका सावलीत बसून त्या फोडत आहेत. टरफल वेगळे, चिंचोके वेगळे आणि गर वेगळा. दिवसभर हे काम केले, की बोटे दुखू लागतात. आपण वर्षभर आमटीत चिंच घालतो, पण त्या बोटांची आठवण आपल्याला किती वेळा होते?

एखाद्या सुट्टीच्या दिवशी शिक्षकांबरोबर थोडे दूर जाता येईल. वाशीहून दक्षिणेकडे निघाले, की येरमाळा लागते. तेथे येडेश्वरी देवीचे ठिकाण आहे. चैत्र पौर्णिमेला तेथे फार मोठी यात्रा भरते. त्या वेळी दूरदूरचे लोक येतात आणि गाव माणसांनी फुलून जाते. आणखी पुढे येडशी आहे. तेथील घाटात रामलिंगचे मंदिर आणि त्याभोवती जंगल आहे. हे जंगल १९९७ पासून अभयारण्य आहे. पावसाळ्यात येथे धबधबा असतो, म्हणून लोक तेव्हाच गर्दी करतात. वसंतात धबधबा नसतो. पण पानगळ झाल्यामुळे झाडांवरचे पक्षी स्पष्ट दिसतात. गर्दी नसल्यामुळे त्यांचे आवाजही ऐकू येतात. तेथे मोठ्याने गाणी लावू नका आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकू नका. ते पाहुण्याचे नव्हे, प्राण्यांचे घर आहे.

कपड्यांची आवड असलेल्यांनी मात्र तेरला गेलेच पाहिजे. तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे गाव धाराशिव तालुक्यात आहे. संत गोरा कुंभार याच गावचे. फार प्राचीन काळी या गावाचे नाव तगर असे होते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात तगरचा उल्लेख आहे. त्या ग्रंथकाराचे नाव आपल्याला माहीत नाही. पण तो व्यापाराचा चांगला जाणकार होता. तो लिहितो, की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे शहर आहे. तेथून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेचे मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जाते. भडोचहून माल जहाजांनी समुद्रापार जात असे. म्हणजे विचार करा, ज्या मलमलचा सदरा तुम्ही अंगात घातला आहे, त्या प्रकारच्या कापडासाठी आपला भाग दोन हजार वर्षांपूर्वी परदेशात माहीत होता! तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या काळातील मातीच्या मूर्ती, मणी आणि इतर वस्तू ठेवल्या आहेत. मूर्तींची केशरचना आणि दागिने निरखून पहा. त्या काळचे लोकही नटण्याची हौस बाळगत होते, हे तुमच्या ध्यानात येईल.

फिरून आल्यावर भूक लागणारच. वसंतातील पदार्थांची तर गणतीच नको. कैरी उकडून, तिच्या गरात गूळ, वेलची आणि किंचित मीठ घालून केलेले पन्हे प्या, उन्हाचा थकवा जातो. रस्त्याच्या कडेला रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येतो. तेथे उसाचा ताजा रस मिळतो. बाजारात कलिंगडे आणि खरबुजे येतात. आणि आपल्या भागाचा खास पदार्थ म्हणजे खवा. कुंथलगिरी हे जैन धर्मीयांचे प्रसिद्ध तीर्थक्षेत्र वाशीच्या शेजारच्या भूम तालुक्यात आहे. त्या परिसरातील खवा इतका नावाजलेला आहे, की २०२४ मध्ये 'कुंथलगिरी खवा' याला भौगोलिक मानांकन मिळाले. येथे शेतीला पाणी कमी, म्हणून लोकांनी जनावरे पाळली. दूध लवकर नासते. ते दूरच्या शहरात पोचवणे कठीण असते. मग भट्टीवर मोठ्या कढईत दूध आटवून खवा करायचा. चार-पाच लिटर म्हशीच्या दुधाचा साधारण एक किलो खवा होतो. ओझे कमी होते आणि माल अधिक टिकतो. भट्टीसमोर उभे राहून सतत ढवळत राहणारा माणूस उन्हाळ्यातही तेथून हलत नाही. पेढा खाताना त्यालाही आठवा.

चैत्राच्या उन्हात घराघरांतील बायका शेवया, कुरडया आणि पापड वाळवतात. या वाळवणात एक गोष्ट पाहण्यासारखी असते. एकाच गल्लीत एका अंगणातील शेवया पाहुण्यांच्या खिरीसाठी असतात, तर दुसऱ्या अंगणातील शिरखुर्म्यासाठी. 'शीर' म्हणजे दूध आणि 'खुर्मा' म्हणजे खजूर, हे तुम्हांला ठाऊकच आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे ईद दरवर्षी थोडी अलीकडे येते आणि हळूहळू सर्व ऋतूंतून फिरते. २०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला होता आणि ईद-उल-फित्र ३१ मार्चला. एका दिवशी शेजारच्या घरी पेटीतली रेशमी साडी गुढीवर चढली, साखरेची गाठी आणि कडुलिंबाची डहाळी बांधली गेली. दुसऱ्याच दिवशी आपल्या घरी पेटीतली जरीची टोपी आणि इस्त्रीचा सदरा बाहेर निघाला. आदल्या दिवशी श्रीखंडाची वाटी इकडे आली होती, दुसऱ्या दिवशी शिरखुर्म्याचे भांडे तिकडे गेले. रिकामे भांडे परत पाठवायचे नाही, ही रीत दोन्ही घरांत सारखीच!

मुलांनो, पाहिलेत ना? वसंताचा आनंद घेण्यासाठी फार पैसे लागत नाहीत. घरातली पेटी, गावाचे शिवार आणि त्या ऋतूचे साधे खाणे एवढे पुरते. पण पेटीतल्या कपड्यांची गोष्ट सांगणारी माणसे कायम राहत नाहीत. म्हणून या वसंतात एक काम करा. दादी, नानी किंवा शेजारच्या आजीबाईंजवळ बसा. एक जुना कपडा हातात घ्या आणि तीन प्रश्न विचारा : हा कोणाचा? हा कोठून आणला? हा कोणी शिवला? उत्तरे वहीत लिहून ठेवा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण लिहा. आणि तो कपडा देऊन टाकायचा असे घरात ठरलेच, तर निदान त्याची बटणे काढून घ्या.

शब्दार्थ

कडबा – ज्वारीची वाळलेली ताटे, जनावरांचा चारा
गंज – रचून केलेला मोठा ढीग
शिवार – गावाभोवतालची शेतजमीन
मुरमाड – मुरूम असलेली, खडकाळ
विरणे – कापड झिजून पातळ होणे
धडका – न फाटलेला, चांगला
पोत – कापडाची वीण, स्पर्श
पुरचुंडी – कापडाची छोटी पोटली
वाळवण – उन्हात वाळवून ठेवलेले पदार्थ
गाठी – साखरेच्या पदकांची माळ

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वसंतात घरातील पेटी का उघडावी लागते?
(आ) 'मशरू' या शब्दाचा अर्थ काय?
(इ) तेरचे प्राचीन नाव कोणते?
(ई) कुंथलगिरीच्या परिसरातील कोणता पदार्थ प्रसिद्ध आहे?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) दादीने बटणांबद्दलच का विचारले असेल?
(आ) कुंथलगिरीच्या परिसरात खवा करण्याची रीत का पडली?
(इ) जरीचे कपडे कसे जपावेत?

३. पुढील शब्द उर्दूत आणि मराठीत दोन्हींकडे वापरले जातात. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
पोशाख, अस्तर, रुमाल, चादर, बहर (बहार)

४. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(मलमल, पळस, शेवया, घोंगडी)
(अ) माळावरचा ...... लाल-केशरी फुलांनी पेटल्यासारखा दिसतो.
(आ) मेंढीच्या लोकरीची ...... काळी असते.
(इ) बायका उन्हात ...... वाळवतात.
(ई) तगरहून तऱ्हेतऱ्हेचे ...... भडोचला जात असे.

५. उपक्रम : घरातील एका जुन्या कपड्याविषयी वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा. ती दहा ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.